टेकडीत नसलेला हिरा

ताई, तुझ्या तेरवीला आलेल्या निम्म्या लोकांनी मला सांगितलं की त्या दिवशी टेकडीवर तू मांत्रिकाच्या थोबाडीत दिली होतीस. एकाने तर तू त्याच्या हातातला सुरा हिसकावून घेतल्याचं सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, बाईच्या अंगात देवी आली होती. मी पंगतीत भात वाढत होतो. प्रत्येकाला हो-हो म्हणत होतो आणि आतून जळत होतो. तू असतीस तर हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली असतीस, "थांबा. मले सांगू द्या. असं नाई झालं."

तू नाहीस, म्हणून जसं झालं तसं मीच सांगतो. त्यातलं बहुतेक तुला माहीत आहे. शेवटचं मात्र माहीत नाही. ते परवा झालं.

सुरुवात हिऱ्यापासूनच करावी लागेल. आपण वणीला राहत होतो, बाबा कोळशाच्या खाणीत होते आणि तुला शाळेत कुणीतरी सांगितलं होतं की कोळसा आणि हिरा एकाच जातीचे. बाबा कामावरून आले की तू त्यांच्या मागे लागायचीस. "बाबा, तुमच्या खाणीत कधी हिरा निघाला का?" ते हातपाय धूत म्हणायचे, "निघाला असता तं तुले नाई सांगितलं, असं झालं असतं का?" तेव्हापासून तू जगातले हिरे धुंडाळायला लागलीस आणि त्यातला एक तुझ्या मनात कायमचा बसला. हरवलेला. ग्रेट मुघल.

किती वेळा ऐकली असेल मी ती गोष्ट! कृष्णेच्या काठी कोल्लूरची खाण. तिथे हजारो माणसं, बायका-पोरांसकट, माती धुवायची. त्या मातीत हा राक्षसी दगड निघाला. गोवळकोंड्याच्या वजिराच्या हाती लागला. वजीर आपल्या राजाशी बिनसल्यावर उत्तरेला गेला आणि त्याने तो मुघल बादशहाला नजर केला. बादशहाने तो पैलू पाडायला व्हेनिसच्या कारागिराकडे दिला. त्या दगडात डाग होते. ते डाग जाईपर्यंत तो घासत सुटला आणि दगडाचे तीनातले दोन हिस्से घासण्यातच गेले. बादशहा इतका चिडला की मजुरी देणं दूरच, उलट त्याच्याकडे होतं नव्हतं ते सगळं दंड म्हणून काढून घेतलं. पुढे एका फ्रेंच जवाहिऱ्याला तो हिरा हातात घेऊन बघायला मिळाला. त्याने त्याचं चित्र काढून ठेवलं. मधोमध कापलेल्या अंड्यासारखा. मग बरीच वर्षं गेली, इराणचा शहा आला, दिल्ली लुटली गेली आणि त्यानंतर ग्रेट मुघल कुणाला दिसला नाही.

"मंग कुठी गेला?" मी विचारायचो.

"कोणी म्हणते, त्याचे तुकडे केले. कोणी म्हणते, रशियाच्या राजदंडात जो बसवला हाय तोच हा. कोणी म्हणते, कोहिनूरच तो."

"तुले काय वाटते?"

"मले वाटून काय होते? मले माहीत नाई."

मला याचा राग यायचा. इतकी मोठी गोष्ट सांगायची आणि शेवटी माहीत नाही! आपण गोवळकोंड्याचा किल्ला पाहायला गेलो तेव्हा तिथला गाईड छातीठोकपणे सांगत होता की सगळे हिरे याच किल्ल्याच्या पोटातून निघाले. तू त्याला भर गर्दीत विचारलंस, "भैया, खान किधर है?" तो गडबडला. खाण तिथून कितीतरी लांब, इथे फक्त बाजार, आणि आता तर ती खाणसुद्धा धरणाच्या पाण्याखाली गेली, हे तू त्याला समजावून सांगितलंस. बाकीचे पर्यटक तुझ्याकडे वैतागून पाहत होते. परतीच्या गाडीत मी म्हटलं, "कायले त्याच्या पोटावर पाय देतं? लोकाईले मजा येऊन राह्यली होती." तू म्हणालीस, "बापू, मजेले माही ना नाई. पण लोकं ऐकून घरी जातेत न, मंग घरी जाऊन काय करतेत, थे आपल्याले दिसत नाई."

पुढे ते दिसलं. आपल्याच दारात दिसलं.

तू महागाव तालुक्यातल्या त्या गावच्या शाळेत इतिहास शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती. गावामागच्या टेकडीवर शेंदूर फासलेला एक मोठा दगड आहे. त्याच्याबद्दल गावात जुनी वदंता होती. वजिराचा लवाजमा उत्तरेला जाताना म्हणे याच टेकडीखाली उतरला होता. वजिराच्या एका नोकराने अस्सल हिरा काढून त्या दगडाखाली पुरला आणि पुढे नकली पाठवला. तू हे वर्गात सांगितलंस. गोष्टी कशा तयार होतात ते पोरांना कळावं म्हणून सांगितलंस. आधी वदंता सांगितलीस, मग ती खोटी का, ते एकेक करून उलगडलंस. कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं. त्यातला फक्त पहिला भाग गावोगाव फिरला. तुझा चेहरा, तुझा आवाज, मागे फळा: "आपल्या टेकडीत अस्सल हिरा पुरला हाय." पुढचं "असं लोक म्हणतेत" सुद्धा कापलेलं.

तू घरोघर जाऊन सांगितलंस की ते अर्धंच आहे. लोक हसून म्हणायचे, "बाई, आता तुमी लपवून राह्यल्या." टेकडीखाली नामदेवचं शेत होतं. त्याच्या घरी एक बाहेरगावचा मांत्रिक येऊन राहिला. लोक त्याला महाराज म्हणायला लागले. नामदेवची मुलगी काजल तुझ्या वर्गात, आठवीत होती. ती पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले होते. अशा माणसाला जमिनीखालचं धन दिसतं ही समजूत आपल्याकडे आजही आहे, हे तुला माहीत होतं आणि त्या महाराजालाही.

त्या दिवशी मी तुझ्याकडे आलो होतो तो शाळेच्या बोअरची मोटर पाहायला. लोहाऱ्याला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, त्यामुळे तुझ्या शाळेची मोटर जळाली की फोन मलाच. कापूस वेचणीचे दिवस होते. मधल्या सुट्टीत काजलच्या बाकावरची मुलगी तुझ्याजवळ आली आणि ओढणीचं टोक चावत उभी राहिली.

"काय झालं वं?"

"बाई, काजल आता शाळेत येणार नाई म्हणे. तिच्या आईले माहेरी धाडलं. तिले पिवळी साडी नेसवली. आज अमावस्या हाय न, म्हून टेकडीवर पूजा हाय."

तुझा चेहरा मी तोवर तसा कधी पाहिला नव्हता. तू पोलिसांना फोन केलास, येतो म्हणाले. मग माझ्याकडे वळलीस. "गाडी काढ, बापू."

"पोलीस येऊन राह्यले न. थांबू जरासं."

"महागाव इथून किती दूर हाय? थे येतपर्यंत तिथं काय होईन, तू सांगू शकतं का मले?"

मी गाडी काढली.

टेकडीच्या मागच्या अंगाला, दगडाच्या बुडाशी, कमरेएवढा खड्डा खणलेला होता. गावातलेच चार-पाच जण होते, त्यात दोघं तुझेच जुने विद्यार्थी. लिंबं, कुंकू, पाय बांधलेली काळी कोंबडी. खड्ड्याच्या काठावर काजल बसली होती, केस मोकळे आणि ओले. नामदेवने तिचं मनगट धरलेलं होतं. तिचे डोळे जड होते, तिला काहीतरी पाजलेलं असावं. महाराजाच्या पुढ्यात लाल फडकं होतं आणि त्या फडक्याखाली काहीतरी होतं. काय ते मी पाहिलं नाही. सुरा होता असं मी कुठेच सांगितलेलं नाही आणि आजही सांगणार नाही.

मला वाटलं, तू ओरडशील. तू ओरडली नाहीस. मातीच्या ढिगावर, काजलच्या अगदी शेजारी जाऊन बसलीस आणि शाळेत बोलतेस त्याच आवाजात म्हणालीस, "माह्याच तोंडची गोष्ट ऐकून खड्डा खणला न तुमी? मंग पुरी तं ऐका. अर्धी ऐकून कोणी खणते का?"

महाराज म्हणाला, "बाई, येळ जाऊन राह्यला. तुमी खाली जा."

"जातो. एवढं सांगून जातो." आणि तू गोष्ट सुरू केलीस. खाण, वजीर, नजराणा. मध्येच एका जुन्या विद्यार्थ्याकडे बोट केलंस. "सांग रे, वजिरानं हिरा कोणाले देला?"

"बादशहाले, बाई," तो बोलून गेला आणि त्याने हातातलं फावडं खाली टेकवलं.

"मंग जवाहिऱ्यानं कोणाच्या दरबारात पाह्यला?"

"मुघलाच्या."

"इथं पुरला असता, तं तिथं त्यानं काय पाह्यलं?"

"थो नकली," महाराज म्हणाला.

"नकली? नकली दगड घासला म्हून बादशहा कोणाचं घरदार घेईन का? ज्यानं घासला त्याच्यापाशी काई ठेवलं नाई. हिऱ्याची पारख असणाऱ्याईनं तो हातात धरून पाह्यला. त्या सगळ्याईले नाई समजलं अन् तुमाले समजलं?"

ताई, तू हे सांगत होतीस आणि मी उतारावर उभा राहून खालच्या रस्त्याकडे पाहत होतो. रस्ता रिकामा होता. लहानपणापासून ऐकलेली ती गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. प्रत्येक वाक्य संपताना मला भीती वाटायची की आता हिच्याकडे पुढचं वाक्य नसेल. हे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्यासमोर तुझं कौतुक करायची आपल्या घरात रीतच नव्हती.

दोघं-तिघं एकमेकांकडे पाहायला लागले होते. ते महाराजालाही दिसलं. तो एकदम काजलकडे वळला. "बोल पोरी, काय दिसते खाली?"

काजलने मान वर केली. "काई नाई दिसत."

"नीट पाहाय."

"माती दिसते."

तो म्हणाला, "बाई आली अन् दिसनं बंद झालं. आता भोग द्या लागते."

"कोंबडी हाय न आणलेली," नामदेव म्हणाला.

"कोंबडीनं नाई भागत. जिले दिसते, तिचंच रगत लागते."

मग त्या माणसांपैकी एकाने विचारलं, "किती?"

तो एवढा एकच शब्द. कोण बोललं ते मला माहीत आहे. त्याचं नाव जबाबात आहे, इथे नको. महाराज नुसता नामदेवकडे पाहत राहिला.

तू उठलीस. काजलचा दुसरा हात धरलास. "नामदेव, सोड."

एक मनगट त्याच्या हातात, दुसरा हात तुझ्या. फावड्याचा दांडा आडवा धरून एक जण पायवाटेवर येऊन उभा राहिला. माझ्या हातात गाडीची किल्ली होती, ती मी मुठीत इतकी दाबली होती की तळहाताला वळ उठला. नामदेवची बोटं पांढरी पडली होती. मग ती सुटली. तो खाली बसला. त्याला बसलेलं पाहून वाटेवरचा माणूसही बाजूला झाला.

उतरताना मी पळायला लागलो तसा तू माझा शर्ट ओढलास. "पळू नको. पळलो तं मागं लागतीन." मागून महाराज ओरडत होता, दगडांवर पावलं वाजत होती, आणि आपण तिघं बाजारातून घरी निघाल्यासारखे चालत होतो. काजलचे पाय अडखळत होते. गाडीवर तिला मध्ये बसवलं. डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा समोरून पोलिसांची जीप आली. महाराज नाल्यात लपलेला सापडला.

असं झालं. थोबाडीत कुणी दिली नाही. कुणाच्या अंगात काही आलं नाही.

आणि मग आपला वाद सुरू झाला. तू जबाबात सांगितलंस, नामदेवने मुलीला सोडलं म्हणून आम्ही तिला आणू शकलो. मी सांगितलं, मुलीला धरून बसलेला तोच होता. ठाण्याच्या बाहेर तू मला अडवलंस.

"त्यानं सोडला हात."

"त्यानंच धरला होता, ताई."

"सगळे लोकं उभे होते. त्याच्याशिवाय कोणी सोडवू शकत होतं का? तू? मी?"

"बाप हाय तो! त्यानं सोडला म्हून काय हार घालू त्याच्या गळ्यात?"

"हार नको घालू. पण जे केलं थे तं सांग."

"मीही त्यानं जे केलं थेच सांगून राह्यलो."

दर दिवाळीला, फोनवर, तुझ्या अंगणात, हाच वाद. कधी आवाज चढायचे, कधी तू चहा ठेवायला आत निघून जायचीस. काजल आईबरोबर आजोळी गेली. तू तिला भेटायला जात राहिलीस, जामिनावर सुटलेल्या नामदेवलाही भेटत राहिलीस आणि हे दुसरं मला पटायचं नाही. शाळेत तुला सुचवलं गेलं की हिऱ्याची गोष्ट आता पुरे. पुढच्या वर्षी तू ती पुन्हा सांगितलीस, आपल्या टेकडीसकट. शेवट तेवढा बदलला होतास. "कुठं हाय, थे माहीत नाई. कुठं नाई, थे मात्र पक्कं माहीत हाय."

दवाखान्यात तू म्हणालीस, "बापू, केस उभी राहीन तवा आपल्यातला तू एकटाच साक्षीदार असशीन." मी म्हटलं, "कायले असं बोलतं? दोघं जाऊ." तू खिडकीकडे पाहिलंस. मी तुझ्याशी खोटं बोलतोय हे तुला कळलं आणि तू पहिल्यांदाच मला दुरुस्त केलं नाहीस.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर काजल माझ्याजवळ आली. आता यवतमाळला वसतिगृहात राहते, कॉलेजात आहे. मला मामा म्हणते.

"मामा, कोर्टाची पेशी आली. तुमी काय सांगसान?"

मला वाटलं, बापाला वाचवा असं म्हणायला आली आहे. मी जरा कठोरच बोललो. "जे पाह्यलं थे. धरलं थेही अन् सोडलं थेही."

ती म्हणाली, "बाईनं मले आधीच सांगून ठेवलं होतं. मामाले काई सांगाले जाऊ नको म्हणे. त्याले जे दिसलं थे त्याले सांगू दे. त्याचंही खरं हाय म्हणे."

त्याचंही खरं आहे. हे तू मला का नाही सांगितलंस गं? एवढ्या दिवाळ्या गेल्या! मी मागच्या दारी जाऊन उभा राहिलो. घरातली एक पोरगी मला शोधत आली तेव्हा तिला म्हटलं, चुलीचा धूर गेला डोळ्यात. अंगणात तर गॅसच्या शेगड्या होत्या.

परवा पुसदच्या कोर्टात पेशी झाली. माझी साक्ष आधी होती. नामदेवच्या वकिलाने विचारलं, "तुमच्या बहिणीच्या जबाबात आहे की यांनी मुलीला सोडलं. खरं आहे?"

"खरं आहे."

"आणि तुम्ही म्हणता, यांनी तिला धरून ठेवलं होतं."

"तेही खरं आहे."

"दोन्हींतलं नक्की काय ते सांगा."

"दोन्ही एकाच हातानं केलं, साहेब."

मग मला मागे बसायला सांगितलं आणि काजलला बोलावलं. नामदेव खाली बघत होता. किती वाळलाय तो. वकिलाने तिला आवाज मऊ करून विचारलं, "तुझ्या वडिलांनी तुला सोडलं, हो ना?"

"व्हय. सोडलं."

"म्हणजे त्यांना तुला इजा करायची नव्हती."

काजलने ओढणी सारखी केली. "टेकडीवर न्यायच्या आधी म्या इचारलं होतं, बाबा, मले कायले नेता? तं म्हणे, तुले काई होणार नाई. मले खरं वाटलं होतं. मंग बाईनं दुसरा हात धरला अन् त्याईनं सोडलं. बाई आल्या नसत्या तं सोडलं असतं का, थे मले नाई सांगता येत." तिने पहिल्यांदाच बापाकडे पाहिलं. "त्याईलेबी नाई सांगता येत."

वकील कागद चाळत राहिला. आणखी प्रश्न नाहीत म्हणाला.

बाहेर आलो तेव्हा नामदेव कोर्टाच्या फाटकाशी उभा होता. काजल त्याच्याकडे गेली. मी चार पावलं मागे थांबलो. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"जेवले का?" तिने विचारलं.

"जेवीन घरी जाऊन."

"बीपीची गोळी घेता न?"

"घेतो."

त्याने तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. ती मागे सरली. फार नाही, एक पाऊल. त्याने हात खाली घेतला आणि मान हलवली, जणू बरोबर आहे असं. ती तिथेच उभी राहिली, निघून गेली नाही.

ताई, निकाल अजून लागायचा आहे. त्या क्षणी तू असतीस तर कुणाच्या बाजूला जाऊन उभी राहिली असतीस, मी विचार करत होतो. मी कुणाच्याच बाजूला गेलो नाही. काजलचं दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं आणि यवतमाळची गाडी लागलेली होती. तिच्या खांद्यावरची बॅग मी घेतली आणि म्हटलं, "चाल बाई, जागा भेटली पाहिजे."